जिच्यावाचून अडेल ती

४ फेब्रुवारी

वहिनी,

पोचले. फोन करणार होते, पण आपला फोन आईच्या उशाशी. मी "पोचले" म्हणायची खोटी, आई पलीकडून "जेवलीस का, दाराला कडी आहे का, शेजारच्या खोलीत कोण" सुरू करणार आणि कामाचं बोलणं राहूनच जाणार. शिवाय फोनवर तुमचं-माझं तिसऱ्या वाक्याला वाजतं. कागदावर निदान तुमचं उत्तर येईपर्यंत मीच बरोबर असते.

लॉजची खोली म्हणजे पलंगाला चार भिंती लावल्या आहेत. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. मालकीण जिन्याच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "झालं का काम?" विचारते. इथे सगळेच वकिलातीच्या कामाला आलेले. शिकायला निघालेली पोरं, नवऱ्याकडे निघालेल्या बायका, एक दातांचा डॉक्टर. मी "व्यापाराचा व्हिसा" म्हटलं तर तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "काय विकता?" म्हटलं, "पाय." मग बिचारीला समजावलं. हाताने शिवायचा बूट लाकडी पायावर शिवतात, गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम तो साचा कोरावा लागतो, ते साचे आमच्या शेडमध्ये होतात आणि बोटीने परदेशी जातात. तर म्हणे, "अगंबाई, तिकडे लाकूड उगवत नाही?"

अर्ज आज खिडकीवर दिला. आतल्या मुलीने नियम वाचून दाखवला. दोन देशांतला व्यापार सतत चालू हवा, जाणारी व्यक्ती तो तिकडे सांभाळणारी हवी, म्हणजे मालक, नाहीतर जिच्यावाचून धंदा अडेल अशी कुणी. आणि मुदत संपली की गपगुमान परत यायचं. मी सगळ्याला मान डोलावली. दादा गेल्यापासून कारखाना माझ्याच नावावर आहे, त्यामुळे मालकीचा प्रश्न नाही.

तिकडच्या बूटवाल्या आजोबांना कळवा, उन्हाळ्याआधी येते म्हणून. त्यांचे हात थरथरतात, दुकानात बसून मापं घेणारं आणि बाकीच्या बूटवाल्यांकडे फिरणारं माणूस त्यांना आपल्याकडून हवंय, नाही मिळालं तर ते दुसरीकडून साचे घेतील. हे सगळं मला पाठ आहे, पुन्हा लिहू नका.

चाळिशी उलटली आणि पहिल्यांदा कुठेतरी निघालेय. पाय जमिनीवर ठरत नाही.

तुमची नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

"सा. न. वि. वि." लिहायला घेतलं होतं, खोडलं. तुम्ही हसला असता.

सासूबाई ठीक. तुमची खुर्ची बघून "गेली एकदाची" म्हणतात आणि मग डोळ्यांत कचरा गेला म्हणतात. काठी धरून अंगणापर्यंत येतात. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करत नाहीत, डॉक्टरांनाच करायला सांगतात.

मुलाखतीत विचारतील म्हणून लिहून देते, नीट वाचा. माप घेताना माणसाला उभं करायचं, बसलेल्या पायाचं माप खोटं. शक्यतो संध्याकाळी घ्यायचं, दिवसभरात पाय सुजतो. दोन्ही पायांचं वेगळं घ्यायचं, जगात कुणाचेही दोन पाय सारखे नसतात. अंगठ्याजवळ हाड वाढलेलं असलं तर विचारून घ्यायचं की दुखतं का. लोक सांगत नाहीत, विशेषतः पुरुष.

आजोबांना लिहिलं. तुम्ही येणार म्हणून त्यांनी माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. त्यांच्या दुकानासमोर एक जुना दगडी पूल आहे, त्याखालून होड्या जातात, असं ते दर पत्रात लिहितात. तो पूल खरंच आहे का ते गेल्या गेल्या बघा आणि मला कळवा.

तुमची वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

मुलाखत पुढे गेली. मी वेळेवर गेले होते, तुमची निळी साडी नेसून. साहेब आजारी आहेत. घसा. बोलताच येत नाही म्हणे, आणि मुलाखत तर बोलण्याचीच. दुसरे साहेब आहेत, पण ते व्यापाराच्या केसेस बघत नाहीत. तेव्हा पुढची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. तोवर इथेच थांबते. येऊन-जाऊन करण्यात काही अर्थ नाही.

तुमचं मापाचं सगळं पाठ झालंय. रस्त्याने चालताना लोकांच्या चेहऱ्यांकडे न बघता पायांकडेच बघते. काल एका गृहस्थांच्या पायांकडे इतकी टक लावून बघत होते की त्यांनी बायकोला पुढे केलं.

आईला सांगा, सगळं छान चाललंय.

तुमची नणंद


२८ फेब्रुवारी

वन्सं,

साहेबांचा घसा लवकर बरा होवो.

इकडे ठीक. सासूबाई दोन-चार दिवस झोपूनच आहेत, थंडी बाधली. काळजीचं काही नाही. फोन मात्र करू नका, त्यांची झोप मोडते. कारखान्यातल्या मिस्त्रीची बायको दुपारी येऊन बसते, मला शेडमध्ये जाता येतं.

नवी खेप गेली. एक नग मी थांबवला, टाचेत बारीक चीर होती.

पत्र लहान आहे, हात भरून आलेत.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

फोन करू नका म्हणजे काय? आईने माझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय का? तसं असेल तर सरळ लिहा. मी निघताना ती तोंड फिरवून बसली होती, ते मी विसरलेले नाही. आणि तुमचंही पत्र हे असं, तार केल्यासारखं. मी इथे मजा मारतेय असं वाटतंय का तुम्हाला? दोघी मिळून बसा रागावून.

साहेब बरे झालेत, पण आता मागच्यांची रांग आहे. माझा नंबर येईल.

दिवस कसा काढायचा ते कळत नाही. सकाळी वकिलातीच्या फाटकापर्यंत चालत जाते, रांग बघते, परत येते. दुपारी पुन्हा जाते. फाटकावरचा शिपाई आता ओळखून मान हलवतो. बागेत बसले तर बाकावर बसवत नाही, उभी राहिले तर उभं राहवत नाही. दातांच्या डॉक्टरचा व्हिसा झाला, त्याने सगळ्यांना पेढे नव्हे, टूथब्रश वाटले. मालकीणबाईंनी मला "झालं का काम?" विचारणं सोडलंय. ते जास्त लागतं.

नणंद


१६ मार्च

वन्सं,

साहेबांचा घसा कधीच बसला नव्हता.

आज आजोबांचं पत्र आलं. वकिलातीतून त्यांच्या दुकानात फोन गेला होता. "या कारखान्यात तुमचा व्यवहार कुणाशी?" त्यांनी माझं नाव सांगितलं. तिकडून विचारलं, "मग आमच्याकडे मुलाखतीला येऊन गेल्या त्या बाई कोण? त्यांना तर आम्ही परत पाठवलं." म्हाताऱ्याला वाटलं, कुणीतरी आपल्या नावावर ठकवायला निघालंय. घाबरून मला लिहिलंय.

म्हणजे मुलाखत तेव्हाच झाली. नकारही तेव्हाच मिळाला. आणि तू तिथे बसून काय करते आहेस? फाटक बघतेस? मी इथे कारागिरांना रोज सांगते, आता निघाल्या, आता निघाल्या. आजोबांना लिहिते, थोडं थांबा. आणि तू मला साहेबाच्या घशाच्या गोष्टी सांगतेस. नकार आला तर आला, आभाळ कोसळलं नव्हतं. दोन ओळी खऱ्या लिहिल्या असत्यास तर मी काय तुला खाल्लं असतं? वर मलाच विचारतेस, रागावलात का म्हणून. मला रागवायला उसंत मिळाली असती तर रागावले असते!

ये घरी. नाहीतर नको येऊस. मला काही सुचत नाहीये.

ता. क. पत्र परत वाचलं. रागाच्या भरात "तू" लिहिलं गेलंय. खाडाखोड करत नाही.


२० मार्च

वहिनी,

"तू"च राहू दे. मीही म्हणते. इतकी वर्षं आपण एकमेकींना अहो-जाहो करत भांडलो, त्याने भांडणं काही मऊ झाली नाहीत.

आता खरं लिहिते.

साहेब वाईट माणूस नाही. आधी पाणी विचारलं. मग म्हणाला, "मालाचे दर कोण ठरवतं?"

म्हटलं, "वहिनी."

"तिकडच्या दुकानदाराशी पत्रव्यवहार?"

"वहिनी."

"माल नापसंत झाला तर त्यांची समजूत कोण काढतं?"

"वहिनीच."

माझं मलाच ऐकू येत होतं, पण तोंडात दुसरं नाव येईना. मग मी तुझं मापाचं पाठांतर म्हणून दाखवलं, उभं करायचं, संध्याकाळी घ्यायचं, पुरुष दुखलेलं सांगत नाहीत. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" आणि तोच म्हणाला, "वहिनींनी."

मग त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, तुमचा कारखाना खरा आहे, व्यापारही खरा आहे. कागदावर मालक तुम्हीच असाल. पण तिकडे जाऊन तुम्ही करणार काय? जिच्यावाचून अडेल तिला पाठवा. मी तिचा अर्ज आनंदाने बघेन."

मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले. राग यायला हवा होता, आला नाही. जिन्यात मात्र पायरीवरच बसले. तू जाणार म्हणजे मी घरी येणार. आईजवळ बसणार, तिचं पाणी, तिची औषधं, तिची बोलणी. हे सगळं तू इतकी वर्षं करतेस, आणि ती आई माझी आहे.

मी व्यापाराला निघालेच नव्हते, वहिनी. मी घरातून निघाले होते. तो देश सोयीचा पडला, इतकंच. हे स्वतःशी कबूल करायला मला इतके दिवस लागले, म्हणून घशाची गोष्ट.

आता तू जा. तो पूल तू मला बघून यायला सांगितलास. मला पुलाशी काय करायचंय? मला होडीत बसवलं तर उलटी होते.

तुझी नणंद


२५ मार्च

वन्सं,

ते जमणार नाही. का ते सांगते, बसून वाच.

सासूबाई पडल्या. न्हाणीघरात, तू गेलीस त्याच महिन्यात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण डॉक्टर म्हणतात, उन्हाळाभर तरी अंथरुण. कूस बदलावी लागते, अंग पुसावं लागतं, भांडं द्यावं लागतं. थंडीबिंडी काही नव्हती. तुला कळवलं असतं तर तू मुलाखत टाकून धावत आली असतीस, आणि मला तुला तिकडे पोचलेली बघायचं होतं. या घरातलं कुणीतरी कुठेतरी पोचायला हवं होतं. तेव्हा खोटं तू बोललीस तशी मीही बोलले. फिट्टंफाट.

तू आणि सासूबाई एका खोलीत दहा मिनिटं बसलात तर भांडी पडतात. तू त्यांना उचलणार? आणि त्या तुझ्या हाताने उचलून घेणार? माझ्या जाण्याचा विषय सोड.

२६ मार्च

काल पत्र टाकलं नाही. अजून थोडं लिहायचंय.

पासपोर्ट आहे माझा. हे होते तेव्हा दोघांचे एकदमच काढले होते, आजोबांनी तेव्हाही बोलावलं होतं. मुदत अजून शिल्लक आहे. काल कपाटाच्या तळातून काढून बघितला. फोटोत मी हसतेय. हसायचं नसतं म्हणून फोटोवाला ओरडला होता, आणि हे शेजारी उभं राहून आणखी हसवत होते.

हे मी तुला का लिहितेय ते मला ठाऊक नाही.

वहिनी


१४ एप्रिल

वन्सं,

तू पत्राला उत्तरच दिलं नाहीस, सरळ दारात उभी राहिलीस. स्वतःची पिशवी ठेवलीस आणि माझी भरून माझ्या हातात दिलीस. चहासुद्धा पिऊ दिला नाहीस. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की पायात घरातल्या चपला आहेत.

तुझीच खोली मिळाली. मालकीणबाई म्हणाल्या, "आता तुम्ही पण पाय विकता का?"

अर्ज दिला. मुलाखतीची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. तोवर काय करू? मला रिकामं बसता येत नाही, इथे कुणी हाक मारत नाही. पहाटे उठून बसते आणि कान देते. काल मालकीणबाईंची भांडी घासायला गेले, त्यांनी हाकललं. म्हणाल्या, "तुम्ही गिऱ्हाईक आहात, गिऱ्हाइकासारखं वागा."

कूस बदलताना आधी गुडघा वाकव, मग खांदा आणि कंबर एकदम फिरव, ओढू नकोस. मिस्त्रीच्या बायकोला दुसऱ्या बाजूने धरायला सांग. सासूबाई ओरडल्या तर घाबरू नकोस. गप्प झाल्या तर घाबर.

मी लाकडाच्या कामाला जातेय असं सांगून निघालेय. त्यांना खरं सांगू नकोस.

वहिनी


१८ एप्रिल

वहिनी,

आईला कळलं. मी सांगितलं नाही. खोटं मला कागदावर जमतं, तोंडावर नाही. तिने "लाकूड घ्यायला एवढे दिवस?" विचारलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, संपलं.

पहिले दोन दिवस तुला सांगण्यासारखे नाहीत. भांडं सांडलं, चादर बदलताना मी रडले, आई हसली. "तुझा हात लागला की कळतं. तिचा कधी लागतो आणि कधी निघतो, कळतच नाही," असं म्हणते. मी म्हटलं, "हे तिच्या तोंडावर कधी बोललीस का गं?" तर म्हणे, "तोंडावर बोलायला ती काय परकी आहे?"

काल दुपारी विचारलं, "किती दिवसांसाठी जातेय?"

म्हटलं, "तात्पुरतं. मुदत संपली की येईल."

तिने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मी तिच्या जागी असते तर आले नसते."

वहिनी, ती हे चिडून बोलली नाही. साधं, आज उकाडा आहे म्हणावं तसं बोलली. मी तिचे पाय चेपत बसले. ती नको म्हणाली नाही.

शेडमध्ये मी जाते तर मिस्त्री म्हणतो, "ताई, येरझाऱ्या घालू नका, पोरांच्या कानशी बिचकतात." म्हणून आता अंगणात घालते.

काय झालं ते लगेच कळव. नकार असेल तरी कळव. घशाच्या गोष्टी नकोत.

तुझी नणंद


२९ एप्रिल

वन्सं,

व्हिसा झाला.

तोच साहेब होता. मला बघून म्हणाला, "आलात का!" जणू मी उशीर केला होता. कामाचं फार विचारलं नाही. आजोबांच्या दुकानात काय करणार, ते मी सांगितलं, आणखी कुठल्या बूटवाल्यांना भेटणार तेही सांगितलं. मग त्याने विचारलं, "घरी तुमची जागा कोण घेणार?"

म्हटलं, "माझी नणंद."

"त्यांना जमेल?"

"नाही. शिकतेय."

तो हसला. मग गंभीर झाला. "तुम्हाला मूलबाळ नाही. पती नाहीत. घर तुमच्या नावावर नाही. मुदत संपल्यावर तुम्ही परत याल, हे मी कशावरून धरू?"

याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. ते आठवलंच नाही. मी म्हटलं, "साहेब, पळायचं असतं तर चार वर्षांपूर्वी पळाले असते. हे गेले तेव्हा. तेव्हा मला कुणाची परवानगीही लागली नसती."

त्याने पेनाला टोपण लावलं. मग शिक्का मारला.

बाहेर आले आणि फाटकाशी उभीच राहिले. आनंद झाला असं म्हणवत नाही. साहेबाला दिलेलं उत्तर खरं होतं, पण तेव्हा मी का पळाले नाही, ते मलाही ठाऊक नाही. आणि आता जाऊन मी परत आले नाही तर? सासूबाईंचं वाक्य तू लिहिलंस, ते रात्रंदिवस डोक्यात फिरतंय. आणि मी गेल्यावर त्यांचं काही झालं तर?

तिकिटाला अजून थोडे दिवस आहेत. मी आधी घरी येते. त्यांना बघते. मग ठरवते, जायचं की नाही. येऊ ना?

वहिनी


४ मे

सूनबाईस,

अक्षर माझं आहे. पाठीवर पडून लिहितेय, ओळी वर चढतात, सांभाळून वाच. हिला वाचायला देणार नाही म्हटलं म्हणून तुझी नणंद बाहेर फुरंगटून बसली आहे.

तुझं पत्र मी हिच्याकडून वाचून घेतलं. साहेबाला दिलेलं उत्तरही ऐकलं. त्या वेळी तू गेली असतीस तर मी चारचौघांत तुला नावं ठेवली असती, आणि मनात म्हटलं असतं, सुटली. तू राहिलीस तरी नावं ठेवलीच. मला तेवढंच येतं.

माझं काही होत नाही. हिला कूस नीट बदलता येईपर्यंत मला मरायची सोय नाही, आणि ही शिकायला वेळ लावणार. काल मला फिरवता फिरवता स्वतःच पलंगावरून पडली. मिस्त्रीच्या बायकोने आधी तिला उचललं, मग मला. खूप दिवसांनी हसले. हाड दुखलं, पण हसले.

परत यायचं की नाही ते तिकडे गेल्यावर ठरव. निघायच्या आधी ठरवलेलं काही खरं नसतं. माझ्यासाठी येऊ नकोस. यावंसं वाटलं तर ये.

तुझे कपडे हिने भरले आहेत, पायातलं सुद्धा. मिस्त्री उद्या हे पत्र आणि बॅग घेऊन तुझ्या लॉजवर येईल. त्याला जेवू घाल.

घरी मात्र येऊ नकोस. तू दारात उभी राहिलीस तर मी "थांब" म्हणेन. मी मला ओळखून आहे. तिथूनच जा.

तुझी सासू